ओसरीवरच्या गप्पा : देवाला वाईट वाटतं का?



यावेळचा विषय जरा जड आहे, तेव्हा चहाचा कप हाताशी घेऊनच बसा. विषय मी शोधलेला नाही. तो शेजारच्या घरातून आला.

आमच्या शेजारी ऐंशी उलटलेले एक आजोबा राहतात. आम्ही ओहायोत नवे नवे आलो तेव्हा बर्फाचं फावडं कसं धरलं की कंबर धरत नाही, हे मला त्यांनी शिकवलं. जन्मभर हायस्कूलमध्ये गणित शिकवलेला माणूस. बोलणं मोजकं आणि पायरी-पायरीने. फेब्रुवारीत आजी गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार. शेवटचे काही महिने त्या घरीच होत्या. मुलगी नर्स आहे, ती रजा काढून आईजवळ येऊन राहिली होती.

मेमोरियल सर्व्हिसला मी आणि सौ. गेलो. प्रेस्बिटेरियन चर्च, अगदी साधं. तिथल्या नव्या पाद्रीबाई तरुण आहेत आणि त्या फार मनापासून बोलल्या. मथितार्थ असा, की देव आज वर कुठेतरी बसून हे बघत नाहीये, तो तुमच्या शेजारी याच बाकावर बसलाय आणि तुमच्याबरोबर रडतोय. बऱ्याच जणांचे रुमाल बाहेर आले. आमच्या सौ.चाही आला.

नंतर खालच्या हॉलमध्ये कॉफी आणि खाणं होतं. आजोबा माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "त्या पोरीला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. पण मला लहानपणी असं शिकवलेलं नाही. देव अनंत, अनादि, न बदलणारा, हे आम्ही घोकून पाठ केलं होतं. तोही रडत बसला तर घर कोण सांभाळणार?"

मुलगी कागदी बशा गोळा करत होती. तिने ऐकलं. "डॅड, ज्याला काहीच वाटत नाही त्याच्याशी मी काय बोलू? त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं."

एवढं बोलून दोघंही गप्प झाले. मी बटाट्याचं सॅलड चिवडत बसलो. दुसऱ्याच्या घरच्या देवाबद्दल आपण काय बोलणार?

पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. दोघंही एकाच चर्चमध्ये वाढलेले, दोघांचं बायबल एकच. मग त्यातून दोन वेगवेगळे देव कसे निघाले? रामरक्षेपलीकडे पाठांतर नसलेल्या माझ्यासारख्या इंजिनिअरने यात पडायचं काही कारण नव्हतं. पण गावातली लायब्ररी चांगली आहे आणि मार्चमध्ये इथे दुसरं करण्यासारखं काही नसतं. तर महिनाभर वाचून जे हाती लागलं ते सांगतो.

पहिली गंमत अशी, की बायबलच्या जुन्या भागातला देव आजोबांच्या देवासारखा मुळीच नाही. तो रागावतो, हळहळतो, पस्तावतो. नोहाच्या गोष्टीत माणूस निर्माण केल्याचा त्याला खेद होतो. सोन्याचं वासरू पुजणाऱ्या लोकांचा नाश करायला तो निघतो, मोझेस मध्ये पडून वाद घालतो, आणि देव बेत बदलतो. शौल राजाच्या गोष्टीत तर एकाच अध्यायात दोन्ही सापडतं. शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा झाला असंही तिथे आहे, आणि देव काही माणसासारखा पस्तावणारा नव्हे असंही आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांना यात काही अडचण वाटलेली दिसत नाही.

मग न बदलणारा, न हलणारा देव इतका ठाम कुठून आला? त्याचं एक मोठं माहेर ग्रीसमध्ये आहे.

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात झेनोफनीस नावाचा एक कवी-तत्त्वज्ञ होऊन गेला. होमरच्या काव्यातले देव चोऱ्या करतात, व्यभिचार करतात, एकमेकांना फसवतात, याची त्याला चीड होती. तो म्हणे, घोड्यांना हात असते तर त्यांनी घोड्यांसारखे देव रंगवले असते. खरा देव माणसासारखा असणारच नाही, ना शरीराने, ना मनाने. पुढे प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये याला तर्काची चौकट दिली. देव जर सर्वोत्तम असेल तर तो बदलेल कसा? बदलून अधिक चांगला होणार नाही, कारण तो आधीच सर्वोत्तम आहे. म्हणजे बदल झालाच तर वाईटाकडेच. म्हणून देव बदलत नाही. आमच्या आजोबांनी फळ्यावर लिहावी अशी सिद्धता आहे ही.

ॲरिस्टॉटलने आणखी पुढची पायरी गाठली. जे जे हलतं त्याला कोणीतरी हलवलेलं असतं. ही साखळी मागे मागे नेत गेलं तर कुठेतरी असं काहीतरी हवं, जे सगळ्याला हलवतं पण स्वतः हलत नाही. आता न हलता दुसऱ्याला कसं हलवायचं? ॲरिस्टॉटलचं उत्तर सुंदर आहे. प्रिय वस्तू जशी प्रेम करणाऱ्याला आपल्याकडे ओढते, तसं. मंडळी, इथे मला पंढरपूर आठवलं. तो विटेवर उभा, जागचा हलत नाही, आणि लाखो माणसं पायी चालत निघतात. फरक एवढाच, की आपला विठोबा जनाबाईबरोबर दळायलाही बसतो. ॲरिस्टॉटलचा देव फक्त स्वतःचंच चिंतन करतो. त्याच्याकडे कोण निघालंय याची त्याला खबरही नसते.

हा देव आणि मोझेसशी वाद घालणारा देव, या दोघांची गाठ पडली अलेक्झांड्रियात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून तिथे हिब्रू धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर व्हायला लागलं. जळत्या झुडपातून देव मोझेसला आपलं नाव सांगतो, ते हिब्रूत 'असणे' या क्रियापदावर बेतलेलं आहे. त्याचा अर्थ 'मी असेन, तुमच्याबरोबर असेन' अशा अंगानेही घेता येतो. ग्रीक भाषांतरात त्याचं झालं 'जो आहे तो', म्हणजे जवळजवळ आपलं 'सत्'. एका क्रियापदाचा काळ बदलला आणि वचन देणाऱ्या देवाचं अस्तित्वाचं तत्त्व व्हायला वाट मोकळी झाली. भाषांतर करणाऱ्यांनी जपून राहावं, ते उगाच नाही :-)

त्याच शहरात, साधारण येशूच्याच काळात, फायलो नावाचा ज्यू पंडित होता. देवाच्या अविकारीपणावर त्याने आख्खा ग्रंथ लिहिला, आणि तोही नोहाच्या गोष्टीतल्या त्या 'खेदा'च्या निमित्ताने. त्याचं म्हणणं, देव पस्तावतो ही भाषा सामान्यांना समजावी म्हणून वापरलेली आहे, ती शब्दशः घ्यायची नाही. पुढे दीड-दोन हजार वर्षं ख्रिस्ती पंडितांनी याच किल्लीने अशी वाक्यं उघडली.

पण ख्रिस्ती लोकांपुढे फायलोपेक्षा मोठी अडचण होती. त्यांचा देव क्रुसावर मेला होता. लाझारसच्या थडग्यापाशी रडलाही होता. हे आणि प्लेटोचा देव एकत्र बसवायचे कसे?

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्याच एरियस नावाच्या धर्मगुरूने सरळ हिशोब मांडला. परमेश्वर बदलत नाही. येशू जन्मला, भुकेला झाला, मेला. तेव्हा येशू थोर असेल, पण पूर्णार्थाने परमेश्वर नव्हे. तर्क बिनचूक. इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसिया इथे बिशपांची परिषद भरवली आणि तिने एरियसचं म्हणणं फेटाळलं. पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे आहेत असं ठरलं. त्यासाठी वापरलेला 'होमोऊसियोस' हा ग्रीक शब्द बायबलमध्ये कुठेच नाही, तो तत्त्वज्ञानाच्या बाजारातून आणलेला. म्हणजे बघा, ग्रीक तर्क नाकारायलाही ग्रीक शब्दच लागला! इ.स. ४५१ च्या कॅल्सिडनच्या परिषदेत ख्रिस्त एकच, पण त्याचे स्वभाव दोन, एक दैवी आणि एक मानवी, असं सूत्र ठरलं. दुःख मानवी स्वभावाचं, दैवी स्वभावाला ते शिवत नाही, असा त्याचा अर्थ बहुतेकांनी लावला. अडचण संपली नाही, पण तिला राहायला जागा मिळाली.

पुढे हा न बदलणारा देव पक्का होत गेला. अकराव्या शतकातल्या ॲन्सेल्मने तर पाद्रीबाईंच्या प्रवचनाचाच प्रश्न विचारला. देवाला भावना शिवत नाहीत, तर तो दयाळू कसा? त्याचं उत्तर असं, की दयेचा परिणाम आपल्याला जाणवतो, देवाला काही वाटत नाही. तेराव्या शतकात थॉमस ॲक्वायनसने खांबाचं उदाहरण दिलं. माणूस खांबाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला की खांब त्याच्या डावीकडचा उजवीकडे होतो, पण खांब जागचा हलत नाही. देव आणि सृष्टी यांचं नातं तसं. आपण बदलतो, तो नाही.

पंथ फुटले, पोप मानणारे आणि न मानणारे वेगळे झाले, तरी हा खांब कोणी पाडला नाही. १६४६ साली लंडनमध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या श्रद्धापत्रात देवाला शरीर नाही, अवयव नाहीत, भावविकार नाहीत असं स्वच्छ लिहिलं आहे. त्याच्याच सोबतीची लहान प्रश्नोत्तरी आमच्या आजोबांनी पाठ केली होती. म्हणजे रविवारच्या शाळेत एक लहान मुलगा जे घोकत होता, त्यात निम्मं जेरुसलेम होतं आणि निम्मं अथेन्स.

इथे एक मराठी धागाही आहे. नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे कोकणस्थ घराण्यातले, काशीत वाढलेले शास्त्री १८४८ साली ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोऱ्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. पंडिता रमाबाईंवर त्यांचा प्रभाव पडला. 'षड्दर्शन दर्पण' या ग्रंथात त्यांनी वेदान्ताच्या निर्गुण ब्रह्मावर हल्ला चढवला. ज्याला गुण नाहीत, ज्याला कशाचं ज्ञान नाही, अशा ब्रह्माला ईश्वर म्हणायचं कशाला, असा त्यांचा रोख. मला वाचताना राहून राहून वाटलं, हा तर भिंतीशी बोलण्याचाच प्रश्न! फरक एवढाच, की शास्त्रीबुवांनी तो आपल्या जुन्या घराला विचारला आणि शेजारच्या मुलीने तिच्या.

तर आजोबांच्या देवाचं गोत्र सापडलं. मग पाद्रीबाईंचा रडणारा देव बायबलमधून थेट आला म्हणायचा का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण त्याच्याही मागे तत्त्वज्ञान आहे, फक्त ते नवं आहे. देव इतिहासाबाहेर बसलेला नाही, तो इतिहासातूनच उलगडत जातो, असं मांडणाऱ्या हेगेलची यावर मोठी छाया आहे. दुसरं नाव आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड. हाही मुळात गणिताचा माणूस, रसेलबरोबर 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' लिहिणारा. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, त्याचा धाकटा मुलगा विमानदलात असताना मारला गेला. १९२९ च्या 'प्रोसेस अँड रिॲलिटी'मध्ये त्याने ॲरिस्टॉटलच्या अचल देवाला निरोप दिला. त्याचा देव जगाबरोबर सोसतो, समजून घेतो, जगात जे घडतं ते स्वतःत सामावून घेतो.

त्याच युद्धात स्टडर्ट केनेडी नावाचा एक इंग्रज पाद्री सैनिकांना सिगारेटी वाटत खंदकांतून हिंडत होता. सैनिक त्याला 'वुडबाइन विली' म्हणत. मरणाऱ्या पोरांना अचल देव सांगायला त्याची जीभ रेटेना. १९१८ सालच्या पुस्तकात त्याने सोसणाऱ्या देवाची बाजू घेतली. १९४६ साली, युद्धात बेचिराख झालेल्या जपानमध्ये, काझोह किटामोरीने देवाच्या वेदनेवरच आपला ग्रंथ उभा केला. आणि १९७२ साली युर्गेन मोल्टमन या जर्मन लेखकाचं 'द क्रुसिफाइड गॉड' आलं. १९४३ च्या हॅम्बुर्गवरच्या बाँबहल्ल्यात सतरा वर्षांच्या मोल्टमनच्या शेजारी उभा असलेला मित्र मारला गेला होता, तो स्वतः वाचला. तीनेक वर्षं ब्रिटिशांच्या कैदेत काढताना त्याला धर्म सापडला. २०२४ साली, ९८ व्या वर्षी, तो वारला. आज अमेरिकेत चर्चमध्ये देव तुमच्याबरोबर रडतोय असं ऐकलंत, तर त्यात या मंडळींचा वाटा मोठा आहे.

इथपर्यंत आल्यावर मी मनातून मुलीच्या बाजूला झुकलो होतो. जुना देव हा आरामखुर्चीत बसलेल्या पंडितांचा, आणि नवा देव भोगलेल्या माणसांचा, असा सोपा निकाल तयार होता. मग बोईथियस भेटला.

बोईथियस रोममधला बडा सरदार, ख्रिस्ती, ग्रीक जाणणारा. थिओडोरिक राजाच्या दरबारात अत्युच्च पदावर. राजद्रोहाचा आरोप आला, सगळं गेलं, तुरुंगात पडला आणि इ.स. ५२४ च्या सुमारास त्याला ठार मारण्यात आलं. मरणाची वाट बघत त्याने 'तत्त्वज्ञानाचं सांत्वन' हे पुस्तक लिहिलं. त्यात तत्त्वज्ञान एका बाईच्या रूपाने कोठडीत येतं आणि त्याची समजूत घालतं. त्या समजुतीचा शेवट कुठे होतो? काळाच्या पलीकडे असलेल्या देवापाशी. उंच शिखरावरून सगळा मुलूख एका नजरेत दिसावा, तसा भूत, वर्तमान, भविष्य त्याला एकदम दिसतात. राजाची मर्जी फिरते, नशीब फिरतं, मित्र फिरतात. तो फिरत नाही. ज्याच्या पायाखालचं सगळं सरकलं होतं, त्याला न सरकणारं काहीतरी हवं होतं.

आणि त्यानंतर चौदाशे वर्षांनी दुसरा कैदी. डीट्रिख बोनहोफर, जर्मन पाद्री, हिटलरविरोधी कटात सामील. जुलै १९४४ मध्ये बर्लिनच्या तुरुंगातून त्याने मित्राला लिहिलेल्या पत्राचा आशय असा, की आपल्याला मदत करू शकेल तो सोसणारा देवच. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिली.

दोन कोठड्या. दोघंही विद्वान, दोघंही मरणाच्या दारात, आणि दोघांनी हाक मारली ती दोन वेगळ्या देवांना. एकाला खांब हवा होता, दुसऱ्याला सोबत. आजोबांचा देव थंड आहे असं मी जे ठरवून बसलो होतो, ते पुसून टाकलं. तोही कुणाच्या तरी अंधाऱ्या रात्रीच सापडलेला आहे.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन मी शेजारी गेलो. मिरची बेताचीच. मुलगी अजून तिथेच होती, आईचे कपडे आवरत होती. माझं महिनाभराचं वाचन मी त्या दोघांना सांगितलं, दोन कैद्यांपर्यंत. प्लेटोची सिद्धता ऐकून आजोबा खूश झाले. "बोईथियस माझा माणूस," म्हणाले. मुलगी हसली, पण काही बोलली नाही.

मग आजोबाच मुलीकडे बघत म्हणाले, "त्या रात्री तुझा हात एकदाही थरथरला नाही. औषध मोजून दिलंस, चादर नीट केलीस. मी आईकडे नाही, तुझ्याकडे बघत बसलो होतो. तू रडली असतीस तर मी तिथेच कोसळलो असतो."

"मी रोज रडत होते, डॅड," ती म्हणाली. "गॅरेजमध्ये. गाडीत बसून, काचा वर करून."

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी डबा पुढे ओढला आणि उरलेली खिचडी तिच्या बशीत वाढली.

असो. तुमच्यापैकी कुणी या विषयात अधिक वाचलेलं असेल, किंवा आजोबा आणि लेक यांच्यातली बाजू घ्यायची असेल, तर जरूर लिहा. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला,
ओसरीकर

ता.क. खिचडीत दाण्याचं कूट असतं, तेव्हा इथे कुणाकडे डबा न्यायच्या आधी ॲलर्जीचं विचारून घ्या. मी विचारलं होतं.